तिकीट दाखवा, तुकडा घ्या

इटलीअण्णा गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते विचारायचे नाहीत. कुठं चाललाय, ते विचारायचे. गिऱ्हाईक अक्कलकोट म्हणालं की त्यांची कात्री चार बोटांवर चालायची. पुणे म्हटलं की एक वीत. मुंबईला वीत आणि वर चार बोटं. हैदराबाद, बंगळूर म्हटलं की ते एकदा गिऱ्हाइकाच्या तब्येतीकडं बघायचे आणि मग कापायचे. पैसे सगळ्यांना सारखेच. आणि कुणी म्हणालं, "कुठं नाही, इथंच राहतो, मागच्या गल्लीत," की अण्णा कात्री खाली ठेवायचे.

"मग घरी जा की. भाकरी थंड व्हायलीय."

हे मी वाढवून सांगत नाही. सोलापूर स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर, एका लॉजच्या जिन्याखाली आमचं दुकान आहे, आणि त्याच्या पाटीवरच तसं लिहिलेलं होतं. 'इटालियन बेकरी. पिझ्झा तुकड्यावर मिळेल. फक्त प्रवाशांसाठी.' पाटी रंगवणाऱ्याला वाटलं, काहीतरी चुकलं.

"अण्णा, प्रवाशांना सवलत म्हणायचंय का?"

"न्हाय. फक्त."

"मग गावातल्यांनी काय करायचं?"

"गावातल्यांना अख्खं गाव हाय की."

दुकानात बसायला बाकडं नव्हतं. माणूस बसला की गाडी चुकवतो, असं अण्णांचं म्हणणं. गोल पिझ्झाही नव्हता. लांबलचक पत्र्याचे ट्रे, त्यात भाजलेली जाड पोळी, वर टोमॅटो, कांदा, बटाट्याचे काप आणि चीज असल्यासारखं चीज. ते सगळं अण्णा कापडाच्या मोठ्या कात्रीनं कापायचे. कात्री त्यांच्या जुन्या कारखान्यातली होती, चादरी कापायची. एकदा नवी पेठेतला एक दागिन्यांचा दुकानदार गाडी घेऊन आला आणि म्हणाला, अख्खा ट्रे द्या, नातवाचा वाढदिवस आहे.

"कुठं चाललाय वाढदिवस?" अण्णा म्हणाले.

"कुठं म्हणजे? घरीच."

"मग घरी शिरा करा."

तो माणूस परत कधी आला नाही. त्या दिवशी निम्मा ट्रे उरला. अण्णांनी तो संध्याकाळी स्टेशनाबाहेर झोपायला आलेल्या, परीक्षेला निघालेल्या पोरांना वाटला. वाटतानाही प्रत्येकाला परीक्षेचं गाव विचारून कापला.

मी त्या दुकानात अडीच वर्षं पीठ मळते आहे. आधी विड्या वळायचे. बोटं हलकी आहेत म्हणून तुला ठेवलं, असं अण्णा म्हणतात. मी बोलत नाही म्हणून ठेवलं, असं मला वाटतं, कारण बोलायचं काम ते दोघांच्या वाटचं करतात. पहिल्या दिवशी मी सवयीनं पीठ भाकरीसारखं थापायला घेतलं, तर अण्णांनी कपाळाला हात लावला.

"अगं, मारू नको त्याला. त्यानं काय केलंय तुझं? बोटानं समजावून सांग. प्यानो, प्यानो."

प्यानो प्यानो म्हणजे इटलीत हळूहळू. हे त्यांचं कायमचं बोलणं. मागं येणाऱ्या रिक्षाला प्यानो प्यानो. गरम तुकडा गिळणाऱ्याला प्यानो प्यानो. आमच्या लॉजच्या मालकाची आई वारली तेव्हा तिरडी जिन्यावरून उतरवताना अण्णा खालून हात करत होते, "प्यानो, प्यानो," आणि खांदा देणारे रडता रडता हसले. दुसरा शब्द बास्ता. म्हणजे पुरे, विषय संपला. बास्ता म्हटल्यावर अण्णांशी कुणी वाद घालू शकत नसे, कारण ते पाठ फिरवून भट्टीशी बोलायला लागायचे.

अण्णा विणकरांच्या तेलुगू घरातले. घरी तेलुगू, बाजारात मराठी आणि चिडले की इटालियन. एका टॉवेल-चादरींच्या कारखान्यात ते मागाचे मिस्त्री होते. मालकानं नवीन मशीन शिकून यायला त्यांना इटलीला पाठवलं, तीन महिन्यांसाठी. ते अकरा वर्षांनी आले.

ही अकरा वर्षं ते दोन तऱ्हेनं सांगतात. गिऱ्हाइकांना सांगताना म्हणतात, "तितल्या लोकांनी मला सोडलंच न्हाय." अक्कलकोटला त्यांची धाकटी बहीण असते, पद्माताई. त्या सांगतात ते वेगळं. घराचं कर्ज होतं, तिथं मजुरी जास्त मिळत होती, म्हणून मुदत संपली तरी अण्णा थांबले. मग कागद राहिले नाहीत. एकदा निघून आले असते तर परत जाता आलं नसतं. म्हणून पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ करत ते एका स्टेशनजवळच्या बेकरीत ट्रे घासत राहिले. बेकरी एका म्हातारीची. पाठीवर घर बांधून फिरणारी, स्टेशनात झोपणारी, स्वस्तात हिंडणारी पोरं तिच्याकडं यायची आणि ती म्हातारी लांबचा प्रवास बघून तुकडा मोठा द्यायची. अण्णा पहिल्यांदा तिच्या दारात गेले तेव्हा तिनं कुठं चाललास विचारलं. अण्णांना भाषा येत नव्हती. त्यांनी सोलापूर म्हटलं. म्हातारीला ते गाव कुठं असतं ठाऊक नव्हतं, पण लांब असणार एवढं कळलं. तिनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापून दिलं.

ही गोष्ट अण्णा रोज कुणाला तरी सांगायचे. त्यातलं खरं किती, मला माहीत नाही. पण ती सांगताना ते कात्री चालवायचं थांबवायचे, एवढं खरं.

ते तिथं असताना सहाव्या वर्षी इथं त्यांची बायको वारली. अण्णा आले नाहीत. पैसे पाठवले.

मुलगी रेणुका तेव्हा दहा वर्षांची. पद्माताई तिला अक्कलकोटला घेऊन गेल्या. पाच वर्षांनी बाप परत आला तेव्हा तिनं आत्याच्या मागं उभं राहून "या, बसा" म्हटलं, आणि अजूनही ती एवढंच म्हणते. तिच्या लग्नात कन्यादान आत्या आणि आत्याच्या नवऱ्यानं केलं. अण्णा वाढप्यांत उभे होते. पंगतीत जिलेबी वाढत होते आणि लोकांना म्हणत होते, प्यानो प्यानो, भरपूर हाय.

लग्न होऊन ती हैदराबादला गेली आणि अण्णांनी दुकान काढलं. त्यांना आयुष्यात आता एकच गोष्ट पाहिजे होती. रेणुकानं एकदा दुकानात यावं आणि त्यांच्या हातचा तुकडा खावा. हे ते लपवायचे नाहीत. भंगारवाल्यालासुद्धा सांगायचे. भट्टीच्या वर भिंतीला तिचा फोटो लावलेला होता, चार वर्षांची, दोन शेंड्या, लाल रिबिनी. अण्णा गेले तेव्हाची. गिऱ्हाइकाला वाटायचं, नात आहे.

रेणुका वर्षातून दोनदा आत्याकडं यायची. परतीची गाडी सोलापुरातून संध्याकाळी. आमचं दुकान स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर. पद्माताई फोन करून गाडीचा दिवस तेवढा कळवायच्या. त्या दिवशी अण्णा सलूनमध्ये जाऊन दाढी करायचे, केसांना काळा रंग लावायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे. ट्रेच्या मधला, कडा नसलेला मऊ भाग हैदराबादच्या मापानं कापून कागदात गुंडाळून भट्टीजवळ ठेवायचे. मग रस्त्याकडं तोंड करून उभे राहायचे. गाडीची वेळ झाली की घड्याळ न बघता म्हणायचे, "गेली." तो तुकडा ते कुणाला द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहात बुडवून स्वतः खायचे.

मी दोन वर्षांत त्यांना एकच प्रश्न विचारला. म्हटलं, "अण्णा, तुमीच जावा की स्टेशनावर. पाच मिनिटांचं तर हाय."

अण्णा पीठ चाळत होते. म्हणाले, "ती बोलवत होती तवा अकरा वर्षं मी आलो न्हाय. आता मी कुठल्या तोंडानं बोलवू? आणि न बोलवता कसं जाऊ? तिला यावं वाटलं तर येईल. बास्ता."

एवढं सगळं सांगितलं म्हणजे अण्णा फार मायाळू असतील असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नव्हतं. ज्याला घर आहे त्याला भूक नसते, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. मला घर आहे. घरात मी आणि सासू. भूक होती. दिवसभर मी त्या भट्टीसमोर उभी राहायचे, टोमॅटोचा वास नाकात जायचा, आणि दुपारी कोपऱ्यात बसून घरून आणलेली कडक भाकरी पाण्यात भिजवून खायचे. दोन वर्षं मी ज्याचं पीठ मळलं, त्याची चव मला माहीत नव्हती. अण्णा रोज विचारायचे, "जेवलीस का?" रोज. पण तुकडा द्यायचे नाहीत.

एकदा माझ्या भावाच्या मुलीचं बारसं होतं, मंगळवेढ्याला. मी दुपारची एसटी पकडणार होते. मनात म्हटलं, आज मी पण प्रवासी आहे. पिशवी घेऊन दुकानाच्या पुढच्या बाजूला जाऊन उभी राहिले. माझे कान तापले होते.

"कुठं?" अण्णा म्हणाले. हसले नाहीत.

"मंगळवेढा."

"तिकीट?"

"तिकीट गाडीत मिळतं अण्णा."

"मग पिशवी दाखव."

मी पिशवी उघडून दाखवली. बाळाचं झबलं, टोपरं आणि एक साडी. अण्णांनी वाकून बघितलं, मान हलवली, कात्री उचलली आणि बोटं मोजायला लागले. मागं एक माणूस उभा होता, तो हसला. मी पिशवी बंद केली आणि म्हटलं, गाडी निघंल, राहू द्या. तशीच गेले. एसटीत खिडकीशी बसून मी रडले, हे अण्णांना माहीत नाही.

मंगळवेढ्याचाच एक म्हातारा एकदा दुकानात आला होता. तपासायला आणलेल्या बायकोला दवाखान्यात ठेवून एकटा परत चालला होता. तुकडा हातात घेऊन त्यानं खालून वरून बघितला.

"ही भाकरी हाय का काय हाय?"

"पिझ्झा हाय."

"ज्वारीचा?"

"मैद्याचा."

"मग पोट कशानं भरायचं?"

त्यानं उपरण्याची गाठ सोडली, शेंगांची चटणी काढली आणि पिझ्झाभर पसरली. मला वाटलं, आता अण्णा इटालियनमध्ये सुरू होणार. कॉलेजच्या एका पोरीनं सॉस मागितला होता तर त्यांनी तिला दहा मिनिटं सुनावलं होतं. पण म्हाताऱ्याला ते काही बोलले नाहीत. त्याला बाटलीतलं पाणी ओतून दिलं आणि मला हळूच म्हणाले, "प्रवाशाच्या गाठोड्यातलं प्रवाशाचं. आपण बोलायचं न्हाय."

परदेशी माणसं क्वचित यायची. हंपीहून येणारी, मोठ्या बॅगा पाठीवर, चेहरे उन्हानं लाल. एकदा एक मुलगा आणि एक मुलगी आली. त्यांना बघून अण्णांना काय झालं, देव जाणे. ते इटालियन बोलायला लागले आणि अर्धा तास बोलतच राहिले. हात उडवत होते, छातीला लावत होते, मध्येच फोटोकडं बोट करत होते. ती दोघं खात खात मान हलवत होती. जाताना इंग्रजीत कळलं, ती पोलंडची होती. एक अक्षर समजलं नव्हतं.

मला हसू आलं. अण्णा कात्री पुसत म्हणाले, "ऐकून तरी घेतलं की."

आता ज्या आठवड्याबद्दल मला सांगायचं आहे, तो उन्हाळ्यातला. त्या आठवड्याच्या सुरुवातीलाच कॉलेजच्या पोरांनी आम्हांला फसवलं. एक पोरगा सूटकेस घेऊन आला, मुंबई म्हणाला, मोठा तुकडा घेऊन गेला. तासाभरानं दुसरा आला, दिल्ली. दोघांना मीच कापून दिलं, अण्णा भट्टीकडं होते. तिसरा आला तेव्हा अण्णा पुढं होते. त्यांनी सूटकेस ओळखली. उघडली तर आत एक उशी.

"ही बॅग आज लई फिरली," अण्णा म्हणाले. पोरगा पळाला. मग त्यांनी मला धरलं. अण्णा माझ्यावर कधी ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले.

"तोंड बघून देतीस व्हय गं? तोंडं सगळ्यांचीच भुकेली असत्यात. सामान बघ. चपला बघ. गावातला असंल तर सरळ सांगायचं, गावातल्याला मिळत न्हाय. कुणी का असंना. म्हण बघू."

त्यांनी माझ्याकडून ते वाक्य म्हणवून घेतलं, शाळेत पाढे म्हणवून घेतात तसं. गावातल्याला मिळत नाही. दोनदा म्हटलं. रस्त्यावरचे लोक बघत होते.

चार दिवसांनी रेणुकाची गाडी होती. अण्णांनी तुकडा कापून कागदात गुंडाळून ठेवला आणि दुपारी सलूनमध्ये गेले. रंग लावल्यावर अर्धा तास बसावं लागतं. गाडी संध्याकाळची, त्यामुळं घाई नव्हती. मी एकटीच होते.

भर उन्हात एक बाई आली. पंचविशीतली असेल. तोंडाला डोळ्यांपर्यंत स्कार्फ, आपल्याकडं उन्हाळ्यात सगळ्याच बायका बांधतात तसा. हातात पिशवी नाही, खांद्याला पर्सही नाही, नुसता मोबाईल. चपला घरातल्यासारख्या साध्या. ती पाटी वाचत थोडा वेळ उभी राहिली. मग आत भट्टीकडं बघितलं.

"अण्णा नाहीत का?"

"बाहेर गेल्यात."

मग म्हणाली, "एक तुकडा द्या."

"कुठं चाललाय?"

अण्णांची ओळखीची गिऱ्हाइकं रोज असतात, त्यांचं नाव सगळ्या स्टेशनला माहीत, म्हणून मला काही वेगळं वाटलं नाही. माझ्या डोक्यात रेणुका म्हणजे बॅगा, नवरा, कडेवर मूल असं चित्र होतं. नाहीतर लाल रिबिनी.

"कुठं नाही," ती म्हणाली. "मी इथलीच आहे."

मला अनोळखी माणसाशी बोलताना शब्द सापडत नाहीत. पण त्या दिवशी एक वाक्य तयार होतं. मी ते खाली बघून, एका दमात म्हटलं.

"गावातल्याला मिळत न्हाय."

ती दोन श्वास तशीच उभी राहिली. वळली आणि गेली. मागं बघितलं नाही. मला उलट बरं वाटलं, की आज मी चुकले नाही.

अण्णा आले. केस काळे कुळकुळीत, कानाला थोडा रंग लागलेला. शर्टाची घडी मोडू नये म्हणून अशा दिवशी ते संध्याकाळी ट्रेला हात लावत नसत. रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. वेळ झाली. "गेली," म्हणाले.

मग फोन वाजला. अण्णांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोन मोठ्या आवाजात लावतात. पद्माताई होत्या.

"अरे, तुझ्या दुकानात माणसं हायत का कोण हायत? पोरगी दुपारी स्वतःहून आली होती की. जावई आणि बाळ सामान घेऊन स्टेशनावर बसलेले, ही एकटी चालत आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आणि तुझ्या बाईनं तिला गावातल्याला मिळत न्हाय म्हणून हाकलली. रडत फोन केला तिनं मला गाडीतनं."

माझे हात पिठात होते. ते तसेच राहिले.

अण्णा मला पाठमोरे होते. फोनकडं बघत म्हणाले, "बाईचं काय न्हाय त्यात. मी सांगून ठेवलंय तसं. तिला सांग, बापानंच सांगून ठेवलं होतं."

"तूच सांग की तिला."

"सांगतो."

त्यांनी फोन लावला. तिनं उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग जावयांनी उचलला, नीट बोलले, म्हणाले, ती कामात आहे, सांगतो तिला. जावई दरवेळी नीटच बोलतात. याला आता सहा-सात महिने झाले. मधल्या सणाला ती अक्कलकोटला आली नाही, आत्यालाच हैदराबादला बोलावून घेतलं.

मला वाटलं होतं, अण्णा मला काढून टाकतील. निदान ओरडतील. मी वाट बघत होते, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी शिडी घेऊन पाटीवरची शेवटची ओळ पांढऱ्या रंगानं पुसली आणि खाली उतरून ट्रेचा एक भला मोठा तुकडा कापून माझ्यापुढं ठेवला. मोजला नाही.

मी खाल्ला. दोन वर्षं ज्याचा वास घेतला, ते खाल्लं. फार काही नव्हतं. कडा वातड होती आणि मीठ कमी.

गावातल्यांना मिळायला लागल्यावर पहिले आठ दिवस रांग लागली. नवव्या दिवशी संपली. लोकांना पिझ्झा नकोच होता. मिळत नव्हता म्हणून पाहिजे होता. आता बसायला बाकडंही आहे, त्यावर लॉजचा वॉचमन बसतो. प्रवासी येतात, पण अण्णा त्यांना गाव विचारत नाहीत. सगळ्यांना एकच माप. एकदा जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक ड्रायव्हर म्हणाला, "अण्णा, लांब चाललोय, नागपूरला." अण्णा म्हणाले, "जा की," आणि चार बोटं कापली.

दुपारी दुकानात कुणी नसतं. तेव्हा अण्णा कात्री पुसत बसतात आणि थोड्या वेळानं म्हणतात, "सुमन, सांग की."

मी सांगते. आली, पाटी वाचली, भट्टीकडं बघितलं. अण्णा नाहीत का, म्हणाली. तुकडा द्या, म्हणाली. मी कुठं चाललाय विचारलं. कुठं नाही म्हणाली, मी इथलीच आहे.

"इथलीच म्हणाली?"

"व्हय. इथलीच."

"सोलापूरची म्हणाली का इथली म्हणाली?"

"इथली."

"मग?"

सुरुवातीला मी म्हणायचे, "मग काय, गेली." तिथं ते सांगणं संपायचं आणि अण्णा कात्री घेऊन तसेच बसून राहायचे. मला ते बघवेना. ज्या माणसानं मला पिशवी उघडायला लावली, त्याच्यासाठी मी खोटं का बोलावं, हे मला अजून कळलेलं नाही. पण एक दिवस मी म्हणून गेले, "जाताना वळून बघितलं. हसली."

तेव्हापासून ती रोज हसते.

परवा अण्णा ऐकता ऐकता थांबले. चष्म्यातून माझ्याकडं बघितलं. "सुमन, तोंडाला स्कार्फ होता म्हणाली होतीस ना तू?"

मी खाली बघितलं. पिठाची परात पुढं ओढली. म्हटलं, "डोळ्यांनी हसली."

रस्त्यावरून एक रिक्षा मागं येत होती, तिला त्यांनी हात केला नाही.

"व्हय," ते म्हणाले. "तिची आई पण तशीच हसायची."